कारण : वारा

अर्ज पोस्टाने आला, निळ्या शाईतला,
पाकिटात अक्रोडाचं एक पानही,
मला ओळख पटावी म्हणून असेल.
वाळून तंबाखू झाला होता त्याचा,
आठवडाभर माझ्या टेबलावर चुरा.

नाव : एनिड प्रॉसर.
वय आम्ही विचारत नाही.
तिने लिहिलंय : एक्याऐंशी.
झाड : टी-चार, संरक्षित.
काम : दोन फांद्या, स्वयंपाकघराच्या खिडकीवरच्या.
कारण :
सकाळी अंडं उकडताना दिवा लावावा लागतो.

हे कारण चालत नाही.
झाड रोगट हवं, धोक्याचं हवं,
नाहीतर मुळांनी पाया तरी उचललेला हवा.
हेरफर्डशरमध्ये सावली सगळ्यांच्याच वाट्याला येते,
आणि अंडं कुठल्याच कलमात बसत नाही.

सोबत नकाशा जोडावा, असा नियम.
तिने जोडला. पट्टीने आखलेलं घर,
उत्तरेचा बाण, चुकलेला,
कपड्यांची दोरी, कोळशाची खोली,
एका कोपऱ्यात : इथे बेसला पुरलंय.
बेस कुत्री होती हे मला तिथे गेल्यावर कळलं,
तोवर मी जरा काळजीतच होतो.
आणि मधोमध टी-चार,
घराहून मोठं काढलेलं.
हे मापात नाही, म्हणून मी शेरा मारला.
फाटक उघडून पाहिलं,
शेरा खोडला.

दुर्बिणीतून वर बघत गेलो.
जुन्या छाटण्यांच्या खुणा, तीस, चाळीस,
पुढे मोजायचं सोडलं.
प्रत्येक घाव तिरका,
फांदीच्या मुळाशी असते ती वळी राखून घातलेला,
साल आत वळत वळत मिटलेली,
काही तर पार बुजून गेलेल्या.
फाइल मात्र कोरी.
पन्नास वर्षांत एक अर्ज नाही.
एकेका खुणेला दंड आहे, कोर्ट आहे,
ते कलम मला तोंडपाठ आहे.

हे कुणी केलं, मिसेस प्रॉसर?

वाऱ्याने, ती म्हणाली,
आणि चहात दूध ओतत राहिली.

हा वारा जाणता होता.
वसंतात घाव घातला की अक्रोड आठवडेच्या आठवडे गळतो,
म्हणून ऑगस्टात यायचा,
शेजारी टेन्बीला समुद्रावर गेलेले असताना.
सालाला दोन फांद्या. हावरटपणा नाही.
कोळशाच्या खोलीत खिळ्याला हातकरवत टांगलेली,
दात्यांना तेल लावून फडक्यात गुंडाळलेली,
शेजारच्या खिळ्याला टोपी.
मी बघतोय हे तिने बघितलं.

आयव्हरची, म्हणाली.
मग बराच वेळ काही नाही. किटली निवत होती.
मग :
यंदा ऑगस्टात वारा पडलेला होता.

ऑफिसात येऊन अहवाल लिहिला.
जुन्या जखमा : नैसर्गिक. कारण : वारा.
दोन फांद्या एकमेकींवर घासतात.
घासत नव्हत्या.
सुटलाच असता जोराचा, तर घासल्या असत्या.
परवानगी मंजूर, मुदत दोन वर्षं,
काम जाणकार माणसाकडूनच करून घ्यावं.
ही शेवटची अट छापीलच असते,
तिच्यापाशी माझा हात उगाच थांबला.

सप्टेंबरात तिचं पत्र आलं, तीच शाई.
मशीनवाला पोरगा आला, अकरा मिनिटांत आटोपून गेला.
काम चांगलं आहे, पण घाव फार सरळ आहेत.
उजेड आला. आता चुलीमागच्या भिंतीवरचा
तेलकटपणा दिसतो सगळा,
इतकी वर्षं कुणाच्या लक्षात नव्हता.
भिंत रंगवायची म्हणते.
त्याला तुमची परवानगी लागते का?